सॅफ्रन वॉल्डनला घर घेताय? आधी बाजाराची गोष्ट ऐका

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दोघं नवरा-बायको. एकाची नोकरी केंब्रिजला, दुसऱ्याची लंडनला. मधलं गाव म्हणून एसेक्समधलं सॅफ्रन वॉल्डन पाहतोय. गावात एक जुनं लाकडी सांगाड्याचं घर मनात भरलंय, आणि गावाबाहेरच्या नव्या वसाहतीतलंही एक पाहून ठेवलंय. गावाचा इतिहास सांगाल का? आणि घर घेताना त्याचा काही उपयोग होतो का?"

होतो, आणि बराच होतो. गेली अठरा वर्षं मी या भागात घरांच्या तपासणीचं, म्हणजे सर्वेअरचं काम करतो. त्यातली निम्मी घरं तीनशे-चारशे वर्षं जुनी असतात. या गावात कुठल्या गल्लीतल्या भिंतीत काय सापडेल, कुठे ओल असेल, कुठे परवानग्यांचा घोळ निघेल, याचा अंदाज मला गावाच्या इतिहासावरूनच येतो. म्हणून तुमच्या दोन प्रश्नांना मी एकच उत्तर देतो. गावाचं सार सांगायचं तर बाजार मिळाला म्हणून हे गाव झालं, आणि मोठी रेल्वे बाजूने निघून गेली म्हणून ते जुनं राहिलं. आज तुम्हाला जे आवडलंय त्यातलं बरंचसं या दोन घटनांतून आलेलं आहे.

पहिली घटना ११४१ सालची. इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मटिल्डा यांच्यात तेव्हा यादवी चालू होती. दोघांनाही सरदार आपल्या बाजूला हवे होते. जेफ्री द मँडव्हिल हा एसेक्सचा अर्ल, वॉल्डनला त्याचा किल्ला. मटिल्डाने त्याला जी सनद दिली तीत एक कलम असं होतं, की जवळच्या न्यूपोर्टला भरणारा बाजार त्याने उचलून वॉल्डनला आपल्या किल्ल्यापाशी आणावा. आपल्याकडे पेठ वसवण्याची सनद मिळायची आणि शेटे-महाजनांना त्यातून हक्क मिळायचे, तसाच हा मामला. बाजार ज्याच्या दारात, त्याला जकात, त्याला गाळ्यांचं भाडं, आणि आसपासच्या वीस-पंचवीस गावांचे पाय त्याच्या रस्त्याला. इंग्रजीत ज्याला मार्केट टाउन म्हणतात त्याला मराठीत 'कसबा' हा नेमका शब्द आहे. खेडं आणि कसबा यांत फरक असतो तो बाजाराचा, माणसांच्या संख्येचा नव्हे.

न्यूपोर्ट आजही आहे. लंडनहून येताना वॉल्डनसाठी उतरायचं ते ऑडली एंड, त्याच्या अलीकडचं स्टेशन तेच. या नावातल्या 'पोर्ट'चा बंदराशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीत तो बाजाराच्या गावासाठीचा शब्द होता. बाजार गेला, नाव राहिलं. इकडे वॉल्डनला लोक 'चिपिंग वॉल्डन' म्हणू लागले, म्हणजे बाजाराचं वॉल्डन. घर पाहायला याल तेव्हा अर्धा तास काढून न्यूपोर्टला उतरा आणि तिथला शांत हमरस्ता बघून घ्या. सनदेतलं ते एक कलम नसतं, तर कदाचित ते कसबा असतं आणि वॉल्डन खेडं.

जेफ्रीचा किल्ला फार टिकला नाही. दुसऱ्या हेन्रीने ११५०च्या दशकात तो निकामी करून टाकला. संग्रहालयाच्या आवारात आज गारगोटीच्या दगडांचा जो ओबडधोबड ढिगारा उभा आहे, तो त्याच्या मुख्य बुरुजाचा गाभा. चांगले घडीव दगड लोकांनी कधीच काढून नेले. किल्ल्याच्या पूर्वेला मोठं गायरान आहे, त्याला कॉमन म्हणतात. १२५२ साली वॉल्डनला सरदारांचे घोड्यावरून भाल्यांनी लढण्याचे खेळ झाले, त्यात एक सरदार समोरच्याच्या भाल्याने मेला आणि तो अपघात की खून यावर तेव्हा मोठी चर्चा झाली. त्याच कॉमनवर गवतात कोरलेला एक चक्रव्यूह आहे, इंग्लंडमधला या प्रकारचा सर्वांत मोठा. त्याची वाट सुमारे दीड किलोमीटर भरते. १६९९ साली तो नव्याने कोरून घेतल्याची नोंद आहे, म्हणजे मूळचा त्याहून जुना. लहान मुलं त्यावरून धावतात, आणि ती शेवटपर्यंत पोहोचेतो आईबापांचा चहा पिऊन होतो.

तेराव्या शतकात गावाची नव्याने आखणी झाली आणि बाजार किल्ल्याच्या पायथ्यावरून आजच्या चौकात आला. आजही तो मंगळवारी आणि शनिवारी भरतो. चौकाला लागून मार्केट रो, बुचर रो अशा अरुंद बोळी आहेत. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने खांदा तिरका करावा लागतो. इतक्या अरुंद का? कारण त्या आखलेले रस्ते नाहीत. मूळ बाजाराचं मैदान बरंच मोठं होतं. त्यात खाटीक, कापडवाले, मासेवाले रांगेने मांडव घालत. पुढे कुणी मांडवाला खांब रोवले, कुणी छप्पर घातलं, कुणी वर माडी चढवली, आणि दोन रांगांमधली ये-जा करायची जागा तेवढी बोळ म्हणून उरली. आपल्याकडच्या जुन्या मंडयांभोवती जे झालं तेच. म्हणून या बोळींतल्या दुकानांना मागे परसू नाही आणि दोन घरांच्या मधली भिंत कुणाची यावर वाद निघतात. दुकानावरची सदनिका पाहात असाल तर तुमच्या वकिलाला हे पहिल्या दिवशी सांगा.

आता केशर. नावातलं 'सॅफ्रन' म्हणजे आपलं केशरच. सोळाव्या-सतराव्या शतकांत या गावाच्या भोवतालच्या उतारांवर केशराची शेती होती. ही गोष्ट आपल्या लोकांना सांगितली की पहिल्यांदा विश्वास बसत नाही, कारण केशर म्हटलं की आपल्याला काश्मीर आठवतं, फार तर स्पेन. पण इथली जमीन चुनखडीची, पाणी धरून न ठेवणारी, आणि पाऊस इंग्लंडच्या मानाने कमी. केशराचे कंद ओलीत कुजतात, इथे ते तगले. शेजारच्या रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन याने १५७७ साली छापलेल्या आपल्या इंग्लंडवर्णनात या शेतीची बारीकसारीक माहिती लिहून ठेवली आहे. उन्हाळ्यात कंद उपटायचे, साफ करून पुन्हा लावायचे. शरद ऋतूत जांभळी फुलं येतात, ती सूर्य वर यायच्या आत वेचायची. पाकळ्या टाकून द्यायच्या, आतले तीन लाल तंतू तेवढे ठेवायचे, आणि छोट्या भट्टीवर मंद आचेने दाबून त्यांच्या वड्या करायच्या. एक ग्रॅम केशराला सुमारे दीडशे फुलं लागतात. मालक थोडे आणि वेचणारे हात पुष्कळ, त्या हातांत बायका आणि मुलं जास्त. श्रीखंडात दुधात खललेलं केशर घालताना आपण चिमूट मोजतो, त्या चिमटीमागे किती वाकलेल्या पाठी असतात हे मला या गावात राहायला आल्यावर कळलं.

हे केशर खाण्यात कमी आणि रंगात, औषधात जास्त जायचं. पूर्व इंग्लंडमध्ये लोकरीच्या कापडाचा मोठा धंदा होता, रंगाऱ्यांना पिवळा रंग हवा असे. प्लेगपासून ज्वरापर्यंत सगळ्यावर वैद्य केशर देत. राजा-राणी गावात आले की नगरपालिका त्यांना केशराची भेट देई. चिपिंग वॉल्डनचं सॅफ्रन वॉल्डन झालं ते याच काळात. गावाच्या चिन्हात तटबंदीच्या आत केशराची तीन फुलं आहेत, आणि त्यात शब्दांचा खेळही आहे: भिंतीत बंदिस्त केशर, म्हणजे सॅफ्रन वॉल्ड-इन. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही शेती संपली. बाहेरचं केशर स्वस्त पडू लागलं, रंगाला दुसरे पर्याय आले, आणि इतकी मजुरी कुणाला परवडेना. अलीकडच्या काही वर्षांत एसेक्समध्ये पुन्हा थोडं केशर पिकू लागलंय, पण ते हौसेच्या आणि महागड्या वाणाच्या बाजारासाठी.

केशर आणि लोकर यांचा पैसा कुठे गेला हे बघायचं तर टेकडीवरच्या सेंट मेरी चर्चमध्ये जा. १४७० ते १५२५ या काळात गावाने ते जवळजवळ नव्याने बांधलं. शेवटच्या टप्प्यात काम होतं जॉन वॅस्टेल या गवंड्यांच्या मुख्याकडे, आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं चॅपल पुरं करणारा हाच तो माणूस. लांबी १८३ फूट, एसेक्समधलं हे सर्वांत मोठं ग्रामचर्च. वरचा निमुळता मनोरा मात्र १८३२चा, जमिनीपासून १९३ फूट. आत गेल्यावर मान वर करून बसू नका, कमानींच्या कोपऱ्यांकडे बघा. एका ठिकाणी दगडात केशराचं फूल कोरलेलं आहे. धंदा जिवंत असताना, ज्या हातांनी फुलं वेचली त्यांच्या शेजाऱ्याने ते कोरलं असेल. मी पाहुण्यांना नेहमी ते शोधायला लावतो.

१५४९ साली राजाच्या सनदेने गावाला स्वतःचा कारभार मिळाला. ती मिळवून देण्यात सर टॉमस स्मिथ यांचा हात होता. ते याच गावात जन्मले, केंब्रिजमध्ये प्राध्यापक झाले आणि पुढे राज्याच्या सचिवपदापर्यंत गेले. ही नगरपालिका १९७४च्या फेररचनेत गेली. आता गावाला टाउन कौन्सिल आणि मेयर आहेत, पण घराच्या बांधकामाची परवानगी ज्यांच्याकडून घ्यावी लागते ती अटल्सफर्ड जिल्हा परिषद. तिची कचेरी लंडन रोडवर, गावच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत आहे. हा भेद नवीन आलेल्यांच्या लक्षात येत नाही आणि ते चुकीच्या दारात उभे राहतात.

आता तुमच्या जुन्या घराकडे येतो. चर्च स्ट्रीट, कासल स्ट्रीट आणि ब्रिज स्ट्रीट या भागात पंधराव्या ते सतराव्या शतकांतली घरं ओळीने उभी आहेत. ओकच्या जाड तुळयांचा सांगाडा, खुंट्या मारून जोडलेला. वरची माडी रस्त्यावर फूट-दोन फूट पुढे आलेली. आणि तुळयांच्या मधली भिंत? ती कुडाची. अगदी कोकणातल्या कुडासारखी. तिकडे कारवीच्या काठ्या, इकडे हेझलच्या किंवा ओकच्या चिरफळ्या. त्यांच्यावर माती, शेण, चिरलेलं गवत यांचा लेप, आणि वरून चुना. पहिल्यांदा एका घराच्या माळ्यावर चढून मी उघडी पडलेली अशी भिंत पाहिली, तेव्हा लेपात चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या बोटांचे फराटे स्पष्ट दिसत होते. मला राजापूरकडचं आजोळ आठवलं. आजीचे सारवणाचे हात असेच उमटायचे.

याच भागात काही घरांच्या दर्शनी भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यातच उठावाची नक्षी केलेली दिसते. तिला इथे पार्जेटिंग म्हणतात. चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या जुन्या सन इनवर ती सर्वांत देखणी आहे. त्यावर १६७६ हा आकडा आहे, आणि टॉम हिकाथ्रिफ्ट नावाचा लोककथेतला वीर विस्बेकच्या राक्षसाशी लढतोय असं त्यातल्या चित्राबद्दल सांगतात. घर त्याहून जुनं, नक्षी नंतरची. या गावात हे वारंवार दिसेल: आत पंधराव्या शतकातला सांगाडा आणि बाहेर जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या धाटणीचा, विटांचा चेहरा. पैसा आला की लोकांनी घर पाडलं नाही, पुढची भिंत बदलली. म्हणून विक्रीच्या जाहिरातीत लिहिलेल्या सालावर जाऊ नका, माळ्यावर जाऊन तुळया बघा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. अशा घराचा खरा शत्रू पाऊस नाही, सिमेंट आहे. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि वाऱ्याबरोबर सोडून देतो. गेल्या शतकात अनेकांनी तो काढून टाकून सिमेंटचा घट्ट गिलावा केला. पाणी एखाद्या भेगेतून आत जातं आणि मग बाहेर पडायला वाट उरत नाही. काही वर्षांपूर्वी एका जोडप्यासाठी मी असं एक घर तपासत होतो. बाहेरून चकचकीत पांढरं, आत नवीन स्वयंपाकघर. जमिनीलगतच्या आडव्या तुळईवर मी चांभाराच्या आरीसारखं माझं टोकदार हत्यार टेकवलं आणि ते जोर न लावता मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर टोकाला ओला, तपकिरी भुसा. चारशे वर्षं टिकलेली तुळई चाळीस वर्षांच्या सिमेंटने खाल्ली होती. त्या जोडप्याने किमतीत तो खर्च धरायला लावला, घर घेतलं, चुन्याचं काम जाणणारा गवंडी गाठला, आणि आज ते घर कोरडं आहे. त्यामुळे जुनं घर घेऊच नका असं मी कधीच म्हणत नाही. मात्र भिंतीवर बोटाने टकटक करून, गिलावा चुन्याचा आहे का, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इतिहासात एकदा हे गाव सगळ्या देशाच्या तोंडी होतं, १६४७ साली. राजाविरुद्धचं यादवी युद्ध संसदेने जिंकलं होतं. संसदेला आपली नवी फौज मोडायची होती आणि काही तुकड्या आयर्लंडला धाडायच्या होत्या, पण शिपायांचा पगार थकलेला. फौजेचा मुक्काम या भागात होता. त्या वसंतात सेंट मेरी चर्चमध्ये अधिकाऱ्यांच्या सभा भरल्या आणि संसदेकडून सेनानी क्रॉमवेलसह चौघे बोलणी करायला आले. शिपायांनी आपले प्रतिनिधी निवडून पुढे केले. साधा शिपाई आपल्या वतीने बोलणारा माणूस निवडतो, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. पुढे त्याच वर्षी लंडनजवळच्या पटनीला मताधिकारावर जे गाजलेले वाद झाले, त्यांची सुरुवात वॉल्डनच्या या चर्चमधल्या पगाराच्या भांडणात आहे.

ऑडली एंड वाड्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो तुम्ही पाहणारच. तिथे आधी मठ होता. आठव्या हेन्रीने मठ बुडवले तेव्हा त्याचा चॅन्सलर टॉमस ऑडली याला तो १५३८ साली मिळाला. त्याचा नातू टॉमस हॉवर्ड याने तिथे इतका प्रचंड वाडा बांधला की पुढे दुसऱ्या चार्ल्स राजाने न्यूमार्केटच्या घोड्यांच्या शर्यतींसाठी मुक्काम म्हणून तो १६६८ साली ५०,००० पौंडांना ठरवून घेतला. आज दिसतो तो मूळच्या वाड्याचा उरलेला भाग. मराठी माणसाला इथे एक धागा सापडतो. १८१९ साली या घरात सून आली ती जेन कॉर्नवॉलिस, गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसची नात. तो कॉर्नवॉलिस १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात टिपूविरुद्ध होता आणि त्याच्या बाजूला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा होत्या. दुसऱ्या महायुद्धात या वाड्यात पोलंडच्या गुप्त सैनिकांना शिक्षण देत आणि मग त्यांना विमानातून मायदेशी उतरवत. त्यांतले १०८ परत आले नाहीत. बागेत त्यांचं स्मारक आहे, तिथे दोन मिनिटं थांबा.

केशरानंतर गावाला तारलं ते जवाने. जव भिजवायचं, मोड आणायचे, भट्टीत भाजायचं, आणि बिअरसाठी माल्ट म्हणून विकायचं. या धंद्यात पुढे आले क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक. तेव्हा क्वेकरांना विद्यापीठांची आणि सरकारी पदांची दारं बंद होती, म्हणून ही मंडळी व्यापारात आणि पेढीत उतरली. त्यांतलं गिब्सन घराणं म्हणजे या गावाचे खरे दुसरे निर्माते. त्यांची पेढी १८९६ साली इतर पेढ्यांबरोबर एकत्र होऊन बार्कलेज बँक झाली. बाजारचौकातली तिची १८७४ची इमारत एखाद्या सरदाराच्या हवेलीसारखी आहे. जॉर्ज स्टेसी गिब्सन या एका माणसाच्या खुणा मोजल्या तर दम लागतो: टाउन हॉलचा लाकडी कामाचा दर्शनी भाग त्याने दिला, क्वेकरांची शाळा १८७९ साली गावात आणली, इस्पितळाला, शिक्षकांच्या विद्यालयाला हात दिला, आणि फावल्या वेळात एसेक्समधल्या वनस्पतींवर १८६२ साली ग्रंथ लिहिला. फ्रान्सिस गिब्सनने उभी केलेली ब्रिज एंड बाग सगळ्यांना खुली आहे. घर बघण्याची वेळ आणि परतीची गाडी यांच्यात तासभर मोकळा असेल तर तिथे घालवा.

आता ती दुसरी घटना. १८४५ साली लंडन-केंब्रिज रेल्वे आली ती कॅम नदीच्या खोऱ्यातून, ऑडली एंडच्या बाजूने. गाव आडखोऱ्यात, टेकडीच्या आड, त्यामुळे स्टेशन पडलं दोन मैलांवर. गावकऱ्यांनी खटपट करून १८६५ साली छोटा फाटा ओढून घेतला, पण तोवर कारखाने आणि वस्ती मुख्य मार्गावरच्या गावांकडे वळली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची पन्नास वर्षं इथली लोकसंख्या सहा हजारांच्या आसपासच राहिली. ज्या गावांत पैसा उसळला तिथे जुनी घरं पाडून चाळी आणि गिरण्या उभ्या राहिल्या. इथे पाडायलाच कुणी आलं नाही. फाटाही १९६४ साली बंद झाला. त्या काळच्या गावकऱ्याला हे दुःखच वाटलं असणार, आणि त्याचं दुःख खोटं नव्हतं. पण तुम्हाला आवडलेलं ते घर आज उभं आहे ते त्यामुळे.

तुमच्या रोजच्या जगण्यावर याचा परिणाम असा, की गावात राहून गाडी गाठायची तर दोन मैल बसने, सायकलने किंवा मोटारीने ऑडली एंड स्टेशनला जावं लागेल. तिथून केंब्रिज साधारण वीस मिनिटं, लंडनचं लिव्हरपूल स्ट्रीट तासाभराच्या आत-बाहेर. घराचा सौदा करण्याआधी हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी सातची गाडी धरून बघा. उन्हाळ्यातल्या शनिवारी गाव पाहून घेतलेले निर्णय जानेवारीत बोचतात.

एक दुःखद पान सांगायलाच हवं. १९६९च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाजारचौकातल्या रोझ अँड क्राउन या जुन्या हॉटेलला आग लागली आणि अकरा माणसं गेली. लाकडी सांगाडा, पोकळ भिंती, अरुंद जिने. आग आतल्या आत पसरली. १९७१ साली अग्निसुरक्षेचा जो कायदा झाला आणि ज्याखाली आधी हॉटेलांनाच प्रमाणपत्र सक्तीचं झालं, त्यामागे या रात्रीचा मोठा वाटा आहे. जुनं घर घ्याल तर पहिल्या आठवड्यात धुराचे गजर प्रत्येक मजल्यावर लावा आणि जुन्या विजेच्या तारा तपासून घ्या. मी अहवालात हे नेहमी पहिल्या पानावर लिहितो.

आणखी एक नाव इथे ऐकाल: रॅब बटलर. जन्म १९०२चा, अविभाजित पंजाबातल्या अटकचा. १९२९ ते १९६५ ते या मतदारसंघाचे खासदार होते. भारतखात्याचे उपमंत्री असताना १९३५चा भारत सरकार कायदा संसदेच्या कॉमन्स सभागृहात पुढे नेण्यात त्यांचा हात होता. त्याच कायद्याखाली १९३७च्या निवडणुका झाल्या, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष विधिमंडळात बसला. बटलरांची कबर सेंट मेरीच्या आवारात आहे. आपल्या आजोबांनी ज्या कायद्याखाली पहिलं मत दिलं, त्याच्याशी जोडलेला माणूस या शांत गावात झोपलाय, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा हे गाव मला परकं वाटेनासं झालं.

राहता राहिला निर्णय. गावाबाहेर रॅडविंटर रोड आणि थॅक्स्टेड रोडच्या बाजूला नवीन वसाहती आहेत. त्यांत काही वाईट नाही. ऊब जास्त, दुरुस्ती कमी, लहान मुलं असतील तर सोय. फक्त रस्ते आणि हिरवळ यांची देखभाल परिषद करते की खासगी कंपनी, आणि दरवर्षी किती शुल्क, हे लेखी घ्या. आणि बाजारचौकापर्यंत एकदा पायी चालून या, परतताना चढ किती लागतो ते कळेल.

जुन्या घराचं तसं नाही. ते बहुधा सूचीबद्ध असेल, म्हणजे लिस्टेड. त्याचं जुनं स्वरूप बदलेल अशा आतल्या-बाहेरच्या कुठल्याही कामाला, अगदी खिडकी बदलायलाही, जिल्हा परिषदेची वेगळी परवानगी लागते. परवानगीशिवाय असं काम करणं हा १९९०च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: आधीच्या मालकाने बिनपरवाना केलेलं काम पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकावर निघू शकते, मग ते काम कितीही वर्षांपूर्वीचं असो. म्हणून बोली लावण्याआधी तीन गोष्टी मागा. सूचीतली घराची नोंद, आजवर घेतलेल्या परवानग्यांची कागदपत्रं, आणि घराचे जुने फोटो. नोंदीत जी चूल किंवा जो जिना लिहिलाय तो आज जागेवर आहे का, ते खोलीखोलीतून ताडून बघा. नसेल, तर तो कधी आणि कुणाच्या परवानगीने गेला हे विचारा, आणि उत्तर लेखी येईपर्यंत थांबा.

घर पाहायला मंगळवारी या. बाजार भरलेला असेल, रस्त्यावरचा आवाज कळेल, आणि गाडी लावायला जागा मिळते की नाही तेही कळेल.